नोंद नसलेला प्रेक्षक : चित्रपटांच्या चोरीचे खंडन आणि हक्काच्या प्रदर्शनाचे मंडन

मुंबई-गोवा महामार्गावरील तळेरे हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नाक्याचे गाव असून तेथून एक रस्ता विजयदुर्गाकडे जातो, तर दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला, म्हणजे जेथे बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली त्या नगराला, जाऊन मिळतो. मराठी चित्रपटाच्या जुन्या कर्मभूमीशी अशा थेट जोडलेल्या या गावातील प्रेक्षकाला नवा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा झाल्यास कणकवलीची वाट धरावी लागते किंवा घाट ओलांडावा लागतो, आणि रात्रीचा खेळ संपल्यावर परतीची एसटी मिळेल याची शाश्वती नसते. त्याच चित्रपटाची चोरटी प्रत मात्र काही दिवसांत त्याच्या मोबाइलवर फुकट येऊन पडते. चोरीच्या समर्थनाचा सर्वांत सबळ युक्तिवाद या विषमतेतून जन्माला येतो, आणि म्हणून या प्रश्नाची परीक्षा महानगरातील मल्टिप्लेक्सऐवजी अशा गावाच्या बाजूने करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.

वादाला आरंभ करण्यापूर्वी संज्ञा स्पष्ट केलेली बरी. चित्रपटाची चोरी किंवा पायरसी म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीवाचून चित्रपटाची प्रत काढणे, ती विकणे, वाटणे किंवा लोकांना दाखवणे. चित्रपटगृहात पडद्यावरचे दृश्य कॅमेऱ्याने टिपून केलेली 'कॅम प्रिंट', निर्मितीच्या किंवा प्रमाणनाच्या टप्प्यावर बाहेर फुटलेली प्रत आणि ओटीटी मंचावरून उतरवून घेतलेली प्रत हे तिचे आजचे प्रमुख प्रकार होत. हा रोग इंटरनेटबरोबर आला असे मानणे चूक आहे, कारण १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आणि गावोगावचे व्हिडिओ पार्लर यांनी इतका उच्छाद मांडला होता की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये मुख्यतः त्यासाठीच दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. या कायद्याच्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये, झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले व अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात व्हिडिओ पायरेट हा वर्गही समाविष्ट केला.

पूर्वपक्षाचा, म्हणजे चोरीचे समर्थन करणाऱ्या बाजूचा, पहिला मुद्दा तात्त्विक आहे. प्रत काढल्याने मूळ वस्तू नाहीशी होत नाही, सबब यास चोरी म्हणता येत नाही, आणि कला ही तर सर्वांचीच असते, असे तो पक्ष म्हणतो. यातील पहिले विधान भौतिक अर्थाने खरे आहे. परंतु चित्रपटाचे मूल्य त्याच्या फितीत किंवा फाइलमध्ये नसून तो दाखवून खर्च भरून काढण्याच्या संधीत असते, आणि ती संधी मर्यादित दिवसांची असते. मराठी चित्रपटाला पडदे मिळतात ते बहुधा एक-दोन आठवड्यांसाठी, आणि पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या गर्दीवर पुढच्या आठवड्यातील खेळांची संख्या ठरते. या तीन दिवसांत फिरलेली चोरटी प्रत फाइल नेत नसली तरी ते तीन दिवस नेते, व ते परत मिळत नाहीत. कला सर्वांची असावी हा दुसरा आग्रह कायद्यानेही मान्य केलेला आहे, कारण भारतात चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपुष्टात येतो आणि कृती समाजाची होते. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' वरील असा हक्क केव्हाच संपलेला आहे. कलाकृती समाजाकडे यावी, पण तिच्या निर्मात्यांना त्याआधी श्रमाचे मोल मिळावे, एवढाच या मुदतीचा अर्थ आहे.

कोकणातल्या प्रेक्षकाला हे तत्त्व नवे नाही. जत्रेत रात्रभर चालणारे दशावतारी नाटक पाहण्यासाठी तिकीट नसते, तरी नाटक मंडळाला देवस्थान, मानकरी किंवा गाव मानधन देते, आणि त्या मानधनावर मंडळ दुसऱ्या गावच्या जत्रेला उभे राहते. पाहणाऱ्यासाठी मोफत असणे आणि कोणीच मोल न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरटी प्रत दुसऱ्या प्रकारात मोडते.

दुसरा मुद्दा यशाच्या दाखल्याचा आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती महाराष्ट्रभर फिरू लागल्या, आणि तरीही शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. यावरून चोरीने काही बिघडत नाही असा निष्कर्ष काढला जातो. या अनुमानात मोठा हेत्वाभास आहे. चोरी होऊनही जे तरले ते चित्रपट सर्वांना दिसतात, चोरीमुळे जे बुडाले ते कोणाच्या स्मरणात राहत नाहीत आणि जे निघालेच नाहीत त्यांची तर नोंदही होत नाही. म्हणून असामान्य यशाच्या एका उदाहरणावरून सामान्य चित्रपटाविषयी नियम काढता येत नाही. शिवाय चोरी झाली नसती तर 'सैराट' चे उत्पन्न किती झाले असते, या प्रश्नाला हा युक्तिवाद स्पर्शच करत नाही.

तिसरा मुद्दा प्रसिद्धीचा असून तो अधिक विचारार्ह आहे. चोरटी प्रत पाहिलेला माणूस इतरांना चित्रपटाविषयी सांगतो आणि त्यातून तिकिटे खपतात, असे म्हटले जाते, आणि त्यास संशोधनाचा काही आधारही आहे. जानेवारी २०१२ मध्ये 'मेगाअपलोड' हे फाइलवाटपाचे मोठे संकेतस्थळ बंद पडल्यानंतरच्या काळाचा अभ्यास करणाऱ्या काही अर्थतज्ज्ञांना, मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांना त्याचा लाभ झाला, पण छोट्या चित्रपटांना झाला नाही, असे आढळले; म्हणजे चोरट्या प्रतींतून होणारी प्रसिद्धी छोट्या चित्रपटांच्या उपयोगी पडत असावी. याच घटनेच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र चित्रपटांच्या अधिकृत डिजिटल विक्रीत वाढ दिसली, आणि प्रदर्शनापूर्वी फुटलेल्या प्रतींविषयीच्या अमेरिकेतील एका अभ्यासात अशा गळतीमुळे, प्रदर्शनानंतरच्या चोरीच्या तुलनेत, तिकीटबारीचे उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' या चित्रपटाची प्रमाणनासाठीची खूण असलेली प्रत प्रदर्शनाच्या आधीच फुटली होती, ही अशाच गळतीची भारतीय घटना होय. तथापि प्रसिद्धीचा लाभ एका अटीवर अवलंबून असतो : कौतुक ऐकणाऱ्याला तिकीट काढण्याची जागा जवळपास हवी, आणि चित्रपट तोवर पडद्यावर टिकलेला हवा. जेथे चित्रपटगृह दूर आहे आणि मराठी चित्रपट आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो तेथे कौतुकाचे रूपांतर तिकिटात न होता पुढच्या लिंकमध्ये होते. म्हणजे परदेशातील दाट चित्रपटगृहांच्या शहरांत जे थोडेफार खरे ठरू शकेल, ते तळेऱ्यात लागू पडत नाही.

चौथा मुद्दा आरंभी सांगितलेल्या गैरसोयीचा आहे, आणि त्याची वस्तुस्थिती नाकारता येत नाही. नाकारायचा आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. कोणत्या केंद्रावर चित्रपट पाठवावा, किती खेळ द्यावेत, कोठे नवा पडदा उभारावा हे वितरक आणि चित्रपटगृहाचे मालक विकलेल्या तिकिटांवरून ठरवतात. मोबाइलवर चोरटी प्रत पाहणारा प्रेक्षक प्रत्यक्षात चित्रपटाची मागणीच करत असतो, पण ती मागणी कोणत्याही वहीत चढत नाही. हिशेबाच्या दृष्टीने तळेरे, खारेपाटण, वैभववाडी या परिसरात मराठी चित्रपटाचा प्रेक्षकच उरत नाही. प्रेक्षक नाही म्हणून पडदा नाही आणि पडदा नाही म्हणून चोरी, असे हे चक्र फिरत राहते. ज्या गैरसोयीचे कारण पुढे करून चोरी केली जाते, तीच गैरसोय चोरी कायम करून ठेवते.

नुकसान श्रीमंत निर्मात्याचे आणि ताऱ्यांचे होते, हा समजही तपासला पाहिजे. ताऱ्याचे मानधन आणि तंत्रज्ञांची मजुरी बहुधा प्रदर्शनाआधी चुकती झालेली असते; प्रेक्षकाच्या तिकिटातून कर, चित्रपटगृहाचा वाटा आणि वितरकाचे कमिशन वजा होऊन जे निर्मात्याकडे येते, त्यातून पुढचा चित्रपट उभा राहतो. साहजिकच खरा फटका पुढच्या चित्रपटावर ज्यांचे पोट अवलंबून आहे त्या संकलक, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजक, रंगभूषाकार आणि नवोदित लेखकांना बसतो. राज्य शासन 'अ' दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि 'ब' दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान देत आले आहे. जनतेच्या पैशाने तोललेल्या चित्रपटाचे उत्पन्न चोरट्याने पळवावे, हे जनतेचेही नुकसान आहे.

येथे उत्तरपक्षालाही, म्हणजे चोरीला विरोध करणाऱ्या बाजूलाही, आत्मपरीक्षण करावे लागेल, कारण उद्योग आपली बाजू मांडताना अतिशयोक्ती करतो. सल्लागार संस्था ईवाय आणि इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या २०२४ च्या अहवालाने २०२३ मधील भारतातील पायरसीचे अर्थकारण २२,४०० कोटी रुपयांचे असल्याचे सांगितले, त्यातील १३,७०० कोटी चित्रपटगृहांतून चोरलेल्या आणि ८,७०० कोटी ओटीटीवरून चोरलेल्या आशयाचे. असे आकडे चोरीचा विस्तार दाखवतात. परंतु चोरटी प्रत पाहणारा प्रत्येक जण अन्यथा तिकीट काढणारच होता असे मानून तेवढे सगळे 'नुकसान' म्हणून मांडणे तर्काला धरून नाही. त्याचप्रमाणे पाहणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार म्हणणेही चूक आहे. २०१६ मध्ये 'ढिशूम' या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला आणि केवळ पाहणे हा गुन्हा असल्याचे सांगणारा इशारा दुरुस्त करावयास लावला. उत्तरपक्ष सत्यावर उभा असल्याने त्याला फुगवलेल्या आकड्यांची आणि धाकदपटशाची गरज नाही.

खंडनानंतर मंडन करावयाचे ते असे. शिक्षेचा रोख उगमावर असावा. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणे आणि चोरट्या प्रतीचे प्रदर्शन करणे यांसाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने बारा नोडल अधिकारी नेमून तक्रारीनंतर ४८ तासांत मजकूर रोखण्याची सोय केली. डिजिटल प्रक्षेपणात प्रत्येक खेळाचे स्थळ आणि वेळ सांगणारी अदृश्य खूण प्रतिमेत घालता येते, व त्यामुळे कॅम प्रिंट कोठून निघाली याचा माग लागतो. ही साधने प्रत फोडणाऱ्या आणि त्यावर जाहिरातींचा पैसा कमावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध वापरली जावीत.

परंतु केवळ पोलिसी उपायांनी चक्र तुटणार नाही. ते तुटेल मोठा पडदा गावाजवळ गेल्याने. जत्रांमध्ये तंबूतून चित्रपट दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीजने महाराष्ट्राच्या खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढून चित्रपट पाहण्याची सवय लावली होती, आणि २०२१ मध्ये लेहसारख्या उंचावरच्या ठिकाणी फुगवता येणारे फिरते डिजिटल चित्रपटगृह उभे राहिले, तर ते तळेऱ्याच्या नाक्यावर उभे राहू शकत नाही असे म्हणण्यास आधार नाही. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारख्या सार्वजनिक वास्तूंत, नाटक नसलेल्या दिवशी, नव्या मराठी चित्रपटाचे खेळ परवडणाऱ्या दरात लावता येतील. अनुदान देताना शासनाला, चित्रपट पहिल्या पंधरवड्यात तालुक्यांच्या गावीही दाखवला जावा, अशी अट घालता येईल. आणि चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट अल्प भाड्यात अधिकृत मंचावर लवकर उपलब्ध करून देणे निर्मात्यांच्या हाती आहे. प्रेक्षकाचे कर्तव्यही यातूनच ठरते : चोरटी प्रत पुढे न पाठवणे, आणि आपल्या तालुक्याला चित्रपट हवा ही मागणी विकत घेतलेल्या तिकिटातून नोंदवणे. उद्योगाने गावाला प्रेक्षक म्हणून मान्यता द्यावी आणि गावाने निर्मितीचे मोल मान्य करावे, या परस्पर कर्तव्यावरच मराठी चित्रपटाचे भवितव्य उभे आहे. यांपैकी एकाने आपला वाटा नाकारला तर दुसऱ्याने कितीही कायदे केले किंवा कितीही सबबी सांगितल्या, तरी दोघांचाही तोटाच होईल.