पेडण्याचा बोगदा

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चुकलो, तर रात्रीत पॅच टाकून मोकळे होतो. पेडण्याचा बोगदा तसा सुटत नाही. मुंबईची गाडी सावंतवाडीपर्यंत पोचली होती, पण या दीड किलोमीटरमधली मऊ, ओली माती सारखी ढासळायची. कोकण रेल्वे पुरी व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. तरी हिशेब मिटला नाही: ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये चिखलपाणी शिरून गाड्या थांबल्या. दोष कुणाचा ते जाणकार सांगोत. मातीचा अंदाज चुकला की बिल दर पावसाळ्यात येतं. डिचोलीत उतारावर घर बांधणार असाल, तर टाइल्स निवडण्याआधी माती तपासून घ्या. आमच्या घरी टाइल्स आधी आल्या होत्या!