फिल्टर आहे, मग नळाला गढूळ पाणी का?

मृगाचे दोन दणके पडले, की नदीला नवं पाणी येतं आणि तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दारात बायका हंडे घेऊन उभ्या राहतात. “फिल्टर बसवलाय म्हणता, मग नळाला चहा कसा येतो?” ठरलेलं उत्तर मिळतं, “वरूनच गढूळ येतंय.” हे उत्तर अर्धंच खरं आहे. गढूळ पाणी निवळावं म्हणूनच तर केंद्र बांधलेलं असतं.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनची मुदत २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली गेली. आता भर बांधलेल्या योजना नीट चालवण्यावर आहे. नदीवरच्या किंवा धरणावरच्या योजनेत देखभाल म्हटलं की लोक पंप आणि पाइपलाइन धरतात. खरी मेख असते ती गाळ बसवायच्या टाकीत, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये.

नदीच्या पाण्याची कळशी रात्रभर तशीच ठेवून पाहा. तळाला वाळू बसेल, पण पाणी गढूळच राहील. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर खोल जायला दोनेक मिनिटं घेतो. आपल्या काळ्या रानातला दोन मायक्रॉनचा चिकण कण तेवढंच अंतर जायला तीन दिवसांच्या वर घेतो. कणाची जाडी निम्मी झाली, की बुडण्याचा वेग पावपट होतो. शिवाय या सगळ्या कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, एकत्र येत नाहीत.

तुरटी इथे कामी येते. ती हा भार मोडते आणि पाण्यात चिकट, कापसासारखे पुंजके तयार करते. बारीक कण त्यात अडकून जड होतात आणि खाली बसतात. आपल्या आज्या निवळीची बी उगाळून पाण्यात घालायच्या ती याचसाठी. गुऱ्हाळात रसाला भेंडीचा चिक देतो तेव्हाही बारीक घाण एकत्र बांधली जाते. फरक एवढाच की काहिलीत ती वर येते, क्लॅरिफायरमध्ये खाली जाते.

या कामाला चाल सांभाळावी लागते. तुरटी पाण्यात पडताच झपाट्याने मिसळली पाहिजे. नंतर वीस-तीस मिनिटं पाणी हळू ढवळायचं. जोरात ढवळलं तर झालेले पुंजके फुटतात. मग दोन-अडीच तास पाणी शांत हवं. गोल टाकीत ते मधून येतं, सावकाश काठाकडे जातं आणि काठावरच्या खाचांवरून पन्हळीत पडतं. तळाशी फिरणारा खरवडा गाळ मधल्या खड्ड्यात लोटतो. तिथून तो व्हॉल्व्ह उघडून सोडायचा असतो.

आता आपल्याकडे काय होतं? लाइट आली की दोन्ही पंप लावून जलकुंभ भरून घ्यायचा. साधारण हिशेबाने टाकीतलं पाणी तासाला सव्वा ते पावणेदोन मीटरपेक्षा जास्त वेगाने वर चढता कामा नये. दुप्पट पाणी रेटलं, की बसत आलेले पुंजके काठावरून थेट फिल्टरच्या वाळूत जातात. फिल्टर तुंबला की शिव्या फिल्टरला! चूक मात्र आदल्या टाकीवर झालेली असते.

दुसरी चूक तुरटीच्या मापाची. बारा महिने रोज एकच पोतं, उन्हाळ्यात तेवढंच आणि पुरातही तेवढंच. पाच हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज पावणेतीन लाख लिटर पाणी लागतं. लिटरला ६० मिलिग्रॅमचा डोस लागला, तर रोज साडेसोळा किलो तुरटी हवी. २० मिलिग्रॅमच पुरला, तर साडेपाच किलो. हा आकडा अंदाजाने काढायचा नसतो. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. नदीचं पाणी एकेक लिटर सहा भांड्यांत घ्या आणि सिरिंजने त्यांत एक ते सहा मिलिलिटर द्रावण घाला. म्हणजे डोस १० ते ६० मिलिग्रॅम झाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळा, नंतर अर्धा तास हात लावू नका. सर्वांत कमी तुरटीत जे भांडं नितळ झालं, तो त्या दिवसाचा डोस. एकही निवळलं नाही, तर डोस वाढवून पुन्हा पाहा. जास्त तुरटी घातली म्हणजे जास्त बरं असंही नाही. पाण्याची आम्लता वाढते, पुंजके धड होत नाहीत, आणि वर चुना घालायची वेळ येते.

तिसरी गोष्ट गाळाची. कर्मचाऱ्याने चार-चार दिवस व्हॉल्व्ह उघडला नाही, तर गाळ कुजतो, त्यात वायू धरतो आणि ढेकळं वर तरंगू लागतात. व्हॉल्व्ह रोज उघडावा, पुरात दिवसातून अनेकदा. तो गाळ ओढ्यात न सोडता वाळवणीच्या वाफ्यात घ्यावा.

“टीसीएल टाकतोय की, मग काय काळजी?” असंही ऐकायला मिळतं. गढूळ पाण्यातले जंतू मातीच्या कणांआड दडतात, आणि गाळातली कुजकी द्रव्यं क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) रोजच्या नोंदवहीत तीन रकाने पाडून घ्यावेत: गढूळपणा, तुरटीचे किलो, गाळ सोडल्याची वेळ. ग्रामसभेत लोकांनी ती वही मागावी. योजना अजून ठेकेदाराकडून ताब्यात घ्यायची असेल, तर सहीआधी टाकीच्या कठड्यावर उभं राहून बघा. खरवडा फिरतोय का आणि पाणी चहूबाजूंनी सारखं पडतंय का. एकाच बाजूने पडत असेल तर काठाची लेव्हल चुकलेली आहे. ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करू नका.