रक्ताचा कागद

पेडण्याची एक माता परवा आम्हांस भेटली. मुलगी सतरा वर्षांची. पेजेच्या वाटीलाही भिते, सात महिने मासिक धर्म बंद. रक्तचाचणीच्या कागदावर थायरॉइडचा टी-३ उणा होता. "फादर, दोष ग्रंथीचाच ना?" असे ती मोठ्या आशेने विचारीत होती.

वैद्यकशास्त्र उलट सांगते. अन्न तुटले की देह आपला खर्च आवरतो. टी-३ उतरते, चरबीतून स्रवणारे लेप्टिन घटते आणि मेंदू बीजकोशांस संदेश देणे थांबवितो. येथे थायरॉइडची गोळी देणे अपायकारक ठरू शकते. अन्न व वजन परतले की हे अंक बहुधा आपसूक सुधारतात. सर विल्यम गल यांनी १८७४ साली या विकारास 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा' हे नाव दिले, तेव्हा अशी चाचणी नव्हतीच! आणि अंक निर्दोष आले तरी मुलगी निरोगी ठरत नाही. अमेरिकन निदानसूचीने मासिक धर्म बंद असण्याची अट २०१३ साली वगळली आहे.

मुलगी उपवासाची सबब सांगते. अठरा वर्षांखालील मुलीस ख्रिस्तसभेचा तो नियम लागूच नाही, आजाऱ्यास तर नाहीच, हे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. सोमवारी त्या दोघींसह आम्ही बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाणार आहोत. तेथे कोणी ओळखीचे भेटेल, ही भीती मातेच्या मनातून अद्याप गेलेली नाही.