आतून पोखरलेली होडी

फायबरग्लास कुजत नाही, हे खरं. पण १९६० आणि १९७०च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या सहलीच्या अनेक होड्यांना आतून आधार असतो तो लाकडाचाच. तळाला लांबीच्या दिशेने तुळया, मागे इंजिन पेलणारी प्लायवूडची जाड फळी आणि या सगळ्यावर काचकापड व रेझिनचं आवरण. बैठका, पंप बसवताना या आवरणात स्क्रू गेले, की भोकांतून पाणी शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. गंमत म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी अधिक घातक. मीठ बुरशीला थोडं तरी रोखतं. वरून रंग चकचकीत, आत लाकडाचा चिखल! भर वेगात मागची फळी फाटली, तर प्रवाशांच्या जिवाशीच गाठ.

तपासणी सोपी. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जावं. टणक आवाजाऐवजी 'भद्द' ऐकू आलं, तर तिथे बारीक भोक पाडावं. भुसा काळा नि ओला निघाला, तर दुरुस्ती अटळ.

खरं कसब पुढेच. सगळ्या तुळया एकदम उपटल्या तर तळाचा आकार बिघडतो. म्हणून होडीला खालून भक्कम टेकू द्यायचे आणि एकेक तुळई बदलायची. आवरण कापताना उडणारी काचेची धूळ छातीत जाते; मास्क हवाच. नवं लाकूड पूर्ण कोरडं घेऊन सगळ्या बाजूंनी इपॉक्सीने बंद करायचं, मगच काचकापड चढवायचं. घाईतले लोक कुजक्या लाकडात नुसतं इपॉक्सी ओततात. लहानशा डागाला ते चालेल, अख्ख्या तुळईला नाही. पुढे स्क्रू मारायचा झाला, तर आधी भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरावं आणि ते कडक झाल्यावर त्यातच स्क्रूपुरतं भोक घ्यावं.