शेवटची एसटी सव्वानऊला

सभा-समारंभांचा हंगाम आला, की निमंत्रणपत्रिकांचा ढीग घरात येऊन पडतो. बँकेत उमेदीची सगळी वर्षे काढल्यामुळे असेल, पण कोणताही कागद हाती आला की माझी नजर आधी आकड्यांवर जाते. पत्रिकेवर तारीख असते, वार असतो, सुरू होण्याची वेळ असते. संपण्याची वेळ मात्र नसते. परतफेडीची तारीख न लिहिता कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला असता. श्रोत्यांकडून वेळ उसना घेणाऱ्यांना मात्र कोणी खुलासा मागत नाही.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. माझ्या नावावरच एक जुनी नोंद आहे.

१९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. गावच्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला होती. बँकेने स्मरणिकेला जाहिरात दिली, म्हणून मी समितीवर. आणि माझे अक्षर बरे, म्हणून कार्यक्रमपत्रिका करण्याचे काम माझ्याकडे. तिसऱ्या दिवशीचा कार्यक्रम एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी सुचवला होता. गुरुजींनी आसपासच्या वाड्यांवर हिंडून जात्यावरच्या ओव्या वह्यांत उतरून घेतल्या होत्या. त्यांच्या ओळखीच्या दोन म्हाताऱ्या बाया गायला तयार झाल्या. मंचावर जाते आणवले, दळायला ज्वारीही ठेवली. मी सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘सायं. ७.१५, जात्यावरच्या ओव्या’.

कार्यक्रम सहाचा. प्रमुख पाहुणे आले सात वाजून दहा मिनिटांनी. दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत यांत १० मिनिटे गेली. प्रास्ताविक २० मिनिटे, पाहुण्यांचा परिचय १५ मिनिटे. मग सत्कार. एकूण १४ जण. नाव पुकारायचे, माणसाने गर्दीतून वाट काढत मंचावर यायचे, शाल, श्रीफळ, छायाचित्रकाराचे ‘इकडे बघा’. माणशी दोन मिनिटे धरली तरी २८ होतात. त्यानंतर पाहुण्यांनी ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असे म्हणून ४० मिनिटे घेतली. नऊ वाजून गेले.

त्या दोघी मंचाच्या कडेला, सतरंजीवर बसून होत्या. आठच्या सुमारास त्यांतल्या एकीने मला हळूच विचारले होते, ‘सायेब, आमची पाळी कवा यायची?’ मी म्हणालो, ‘आजी, आता लगेच.’ त्या ‘लगेच’चा अर्थ मला तरी कुठे ठाऊक होता! त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी सव्वानऊला होती. नऊ वाजून पाच मिनिटांनी दोघी उठल्या, जात्याला हात लावून पाया पडल्या आणि गुरुजींबरोबर स्टँडकडे निघाल्या. मी मानधनाची पाकिटे घेऊन मागे धावलो. मोठी म्हणाली, ‘गायलोच न्हाई, तर पैसं कशाचं?’ पाकिटे माझ्या हातातच राहिली.

राहवत नाही म्हणून सांगतो, त्या १४ सत्कारमूर्तींमध्ये मीही एक होतो.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बोलावणे धाडले. दोघींपैकी मोठी तोवर गेली होती. गुरुजींच्या वहीत तिचे शब्द राहिले, गळा गेला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रितही केल्या. त्या कामाचे मोल मला पुढे कळले, तेव्हा आनंदाआधी लाजच वाटली. एक गळा ऐकण्याची संधी आमच्या मंडपात चालून आली होती. आम्ही ती शालींखाली झाकून टाकली.

समारंभ आखण्याची विद्या आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. नारदीय कीर्तन पाहा. श्रोता ताजातवाना असतो तेव्हा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, म्हणजे जड भाग. मग नामाचा गजर, आणि तो चालू असतानाच बुवांना हार आणि सर्वांना बुक्का. त्यानंतर उत्तररंगात आख्यान, म्हणजे पेंगुळल्या डोळ्यांनाही जागवणारी गोष्ट. यात सत्कारही आहे. पण तो गजर सुरू असताना होतो, श्रोत्याचा वेळ खात नाही. तमाशातही गण, गवळण, बतावणी आणि मग वग अशी चढती मांडणी आहे. माणसे जमेपर्यंत काय द्यायचे आणि जमल्यावर काय, हे त्या कलावंतांना कोणत्याही समितीवाचून कळत होते. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती इतकी टिकली याची कारणे अनेक असतील. पण वक्ता, विषय आणि वेळ या तिन्हींची शिस्त हे त्यांतले एक, असे मी मानतो.

घड्याळ कुणासाठी थांबत नाही, हे पुढे कायद्यानेही सांगितले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर गाणे चाले आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. त्या महोत्सवालाही वेळापत्रक बदलावे लागले. हळहळ मलाही वाटली. परंतु आजारी शेजाऱ्याची झोप हीसुद्धा कुणाची तरी पाळीच असते. दहाला संपायचेच आहे, तर मधले तास कशात घालवायचे, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

कोणी म्हणेल, ‘साहेब, सत्कार केले नाहीत तर देणग्या कोण देणार? मंडप फुकट उभा राहतो का?’ आक्षेप खोटा नाही. देणगीदाराचा मान राखलाच पाहिजे. पण माझा बँकेतला अनुभव असा, की जाहिरात देणाऱ्याला भरलेला मंडप हवा असतो. नऊ वाजता निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, तर शाल पांघरून बसलेला देणगीदारही मनात हिशेब करतोच. त्यांची नावे स्मरणिकेत ठळक छापा, फलकावर लावा, मध्यंतराच्या चहाच्या वेळी सर्वांना एकदम उभे करून टाळ्या द्या. चार मिनिटांत मान होतो.

बाकीची आखणी सोपी आहे. ती शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. आधी शेवटची एसटी किती वाजता ते विचारावे, त्याच्या अर्धा तास आधी समाप्ती लिहावी, आणि तिथून मागे येत मिनिटे वाटावीत. सर्वांत दुरून आलेल्याला आणि वयाने सर्वांत थकलेल्याला आधी संधी द्यावी. पाहुणे आले नाहीत तरी कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करावा. एकदा असे झाले, की पुढच्या वर्षी पाहुणे वेळेवर येतात. आणि अर्ध्या तासाची शिल्लक कुणालाही न सांगता राखून ठेवावी. बँक तरी सगळी रोकड कुठे वाटून टाकते?

आता निवृत्तीनंतर दोन-तीन समित्यांवर मला बोलावतात. गावाबाहेरचे श्रोते कसे परत जाणार, एवढेच मी पहिल्या बैठकीत विचारतो. तरुण कार्यकर्ते हसतात. हल्ली ज्याच्या त्याच्या दाराशी मोटरसायकल उभी असते. त्यांचेही बरोबर आहे. तरीही मंचाच्या कडेला पाळीची वाट पाहणारे कुणी ना कुणी असतेच, आणि बहुधा तेच ऐकण्यासारखे असते. म्हणून पत्रिकेचा मसुदा समोर आला, की मी अजूनही त्यावर पहिली ओळ पेन्सिलीने स्वतः लिहितो : ‘समाप्ती, रात्री पावणेनऊ’.