कामगंध सापळ्याचे विज्ञान
पुसद परिसरातील कपाशीत गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवणारा कामगंध सापळा, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाची कृत्रिम नक्कल करून नराला ओढणारे साधन, हे जीवसृष्टीकडून शिकलेल्या तंत्रज्ञानाचे उत्तम उदाहरण आहे. 1959 मध्ये अडोल्फ ब्युटेनान्ट यांनी रेशीमपतंगाच्या अशा गंधाची रासायनिक ओळख पटवली आणि 1973 मध्ये बोंडअळीच्या पतंगाचा गंध हा रचनेत किंचित भिन्न असलेल्या दोन संयुगांचे मिश्रण असल्याचे स्पष्ट झाले. हीच संयुगे ल्यूरमध्ये, म्हणजे गंध हळूहळू सोडणाऱ्या गोळीत, भरून सापळ्यात लावतात. सलग 3 रात्री प्रत्येकी 8 पतंग अडकले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. म्हणून फवारणीचा निर्णय शेतकऱ्यांनी अंदाजाने नव्हे, तर या मोजणीवरूनच घ्यावा.