चूल एक, भाषा अनेक

मंडळी, आपल्या सीमाभागातल्या घरांत एकाच चुलीवर सकाळी पिठलं-भाकरी आणि रात्री बिसीबेळेभात होतो. त्याचं कुणाला नवल वाटत नाही. कॉम्प्युटरच्या जगातही अशी एक चूल आहे. तिचं नाव जेव्हीएम, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा लोकांपुढे आणली. जावात लिहिलेला प्रोग्राम आधी 'बाइटकोड' या मधल्या रूपात उतरतो आणि मग जेव्हीएमवर चालतो. खाली कॉम्प्युटर कुठलाही असो! पुढे जाणकारांनी ताडलं, की स्वयंपाक कुणाचा याच्याशी चुलीला देणंघेणं नाही. जिच्यातून बाइटकोड तयार होईल, ती भाषा इथे चालेल. शिवाय जावासाठी लिहून ठेवलेली लायब्ररी, म्हणजे भरलेले डबेही आयतेच!

मग २००३ च्या सुमारास ग्रूव्ही आली, पाठोपाठ मार्टिन ओडर्स्की यांची स्काला, २००७ मध्ये रिच हिकी यांची क्लोजर. प्रत्येकीचा हात वेगळा, चव वेगळी. तरी थोरलीची जागा कुणाला घेता आली नाही. आयत्या डब्यांमुळे नवीला घरात येणं सोपं झालं, पण त्यामुळेच जुनीला सोडण्याची निकडही कुणाला वाटेना. थोरलीही शहाणी. धाकट्यांकडे आधीपासून असलेली 'लॅम्डा'ची सोय तिने २०१४ मध्ये आपलीशी केली.

जेटब्रेन्स कंपनीची कोटलिन २०१६ मध्ये पक्क्या रूपात आली. तिने उखाळ्यापाखाळ्या न काढता जावाच्या शेजारी पाट मांडला. एकाच कामातल्या काही फाइली जावात, काही कोटलिनमध्ये, असं सहज चालतं. अँड्रॉइडची चूल जरा निराळी, पण तिथेही जावाच नांदत होती. तिथे गूगलने २०१७ मध्ये कोटलिनला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये पहिली पसंतीही.

पालक मला विचारतात, "सर, जावा जुनी झाली म्हणे. पोरानं कुठली भाषा शिकावी?" या ऐकीव गोष्टीवर मुलं अर्ध्यातच जावा सोडतात, नवीही धड येत नाही, आणि मुलाखतीला बसल्यावर पाया कच्चा निघतो. माझं सांगणं एवढंच, की एक भाषा नीट शिका आणि खालची चूल कशी पेटते ते समजून घ्या. मग दुसरी जड जात नाही. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं शिकवायला नको!